द्राक्षं सोलणारे डॉक्टर

ऑपरेशन चालू असताना डॉक्टर माणसांशी फारसं बोलत नसत, पण पोटातल्या अवयवांशी भरपूर बोलत. यकृताला ते 'थोरले' म्हणत. "थोरले, जरा सरका, तुमच्या मागं काम आहे." पित्ताशय सुजून आतड्याला चिकटलेलं असलं की समजुतीच्या सुरात म्हणत, "सोडा आता त्याला बाई, किती दिवस धरून बसणार?" आणि थोड्या वेळानं ते खरंच सुटायचं. प्लीहेला मात्र ते कधी काही बोलले नाहीत. तिच्या जवळून जाताना एकदम गप्प होत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तिला नुसता धक्का लागला तरी रक्त थांबत नाही. अशा माणसाशी बोलायला जाऊ नये."

हे मला माहीत आहे, कारण दहा-अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभं राहून कॅमेरा धरला. मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. जुन्नरला स्टँडजवळ माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नं, बारशी, एखाद्या पुढाऱ्याचा सत्कार. लग्नसराईत जेवायला वेळ नसायचा आणि पावसाळ्यात दुकानात बसून माश्या मारायचो.

एका दुपारी ते दुकानात आले. पायात कॅनव्हासचे बूट, पँट घोट्याच्या वर, हातात घड्याळ नाही. गावात त्यांचा दवाखाना सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुंबईत शिकलेला माणूस जुन्नरला का आला, यावर लोकांचे बरेच तर्क होते. त्यांचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यातलं, धरणाच्या पाण्यात गेलेलं. लग्न केलेलं नव्हतं. एवढंच काय ते माहीत होतं.

"ओझरच्या कार्यालयात पंधरवड्यापूर्वी लग्न झालं, त्याचं शूटिंग तुझं?"

मला वाटलं, तक्रार आली. म्हटलं, "हो. काय चुकलं का?"

"पेशंटच्या घरी कॅसेट बघितली. पंगतीचं दृश्य आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं आणि परत येतं. एकदाही हलत नाही. कशावर ठेवला होतास कॅमेरा?"

"खांद्यावर. नुसता."

त्यांनी कोपऱ्यातला तांब्या पाण्यानं काठोकाठ भरला, माझ्या हातात दिला आणि हात लांब करायला लावला. स्वतः समोरच्या स्टुलावर बसून पाण्याकडे बघत राहिले. गिऱ्हाईक आलं, बघून गेलं. खांदा भरून आला तेव्हा ते उठले.

"सोमवारी सकाळी सातला दवाखान्यात ये. आंघोळ करून. नखं कापून."

त्या काळात दुर्बिणीचं ऑपरेशन आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. पोट उघडायचं म्हणजे वीतभर चीर, हेच लोकांना ठाऊक. डॉक्टर बोटाच्या पेरापेक्षा लहान चार-पाच भोकं पाडत. एका भोकातून पोटात गॅस भरायचा, म्हणजे पोट फुगून आत जागा होते. एकातून कॅमेऱ्याची नळी आत घालायची, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. आतलं सगळं समोरच्या टीव्हीवर दिसायचं आणि त्या टीव्हीकडे बघत डॉक्टर काम करायचे. म्हणजे त्यांचे हात त्यांच्याकडे, पण डोळे दुसऱ्याच्या हातात. मोठ्या शहरात हे काम शिकाऊ डॉक्टर करतात. इथं एकही शिकाऊ डॉक्टर टिकत नव्हता. दोघे आले आणि दोघेही पुण्याला पळाले.

दवाखान्यातल्या सिस्टर बाई वयानं मोठ्या आणि तोंडानं फटकळ. मला बघून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हा लग्नाच्या शूटिंगवाला आहे हो!"

"बरंच आहे की. इथं कुणी कॅमेऱ्याकडे बघून हसणार नाही. त्याला सोपं जाईल."

पण त्यांनी मला लगेच थिएटरमध्ये घेतलं नाही. चार महिने मी खोक्यासमोर उभा राहिलो. टीव्हीचं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं पाडलेली, आत बशीत द्राक्षं. मी एका भोकातून नळी आत घालून द्राक्ष पडद्यावर दाखवायचं आणि डॉक्टर दोन लांब हत्यारांनी त्याचं साल सोलायचे. रस गळला तर ते द्राक्ष फुकट. साल पापुद्र्यासारखं निघालं पाहिजे आणि आतला गर ओला, अखंड राहिला पाहिजे. आमच्या भागात द्राक्षाला तोटा नाही. बागाईतदार पेशंट पाट्याच्या पाट्या आणून द्यायचे आणि डॉक्टर एकेक द्राक्ष सोलायचे. सोललेली द्राक्षं टाकून द्यायची नाहीत असा नियम होता. संध्याकाळी चहाबरोबर सगळ्यांना बशीतून नागडी द्राक्षं मिळायची. सिस्टर म्हणायच्या, "माझ्या सासूला सांगितलं तर तिला वाटंल, मी येड्यांच्या दवाखान्यात कामाला आहे."

मला ते नावानं हाक मारत नसत. 'कॅमेरा' म्हणत. "कॅमेरा, जवळ ये." "कॅमेरा, डावीकडे बघ." थिएटरच्या बाहेरही तेच. "कॅमेरा, चहा घेतलास का?" पुढं पुढं गावातली माणसंही तसंच म्हणायला लागली. माझी बायको आधी चिडायची, मग तीही कधी कधी म्हणायची.

वीज जायची, हे तर रोजचंच. पोटात हत्यारं असताना पडदा काळा व्हायचा. जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागे. तेवढ्यात कुणीही तसूभर हलायचं नाही, हा दंडक. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्या अंधारात डॉक्टरांचा शांत आवाज आला, "कॅमेरा, आज घरी भाजी कसली आहे?"

"मेथीची."

"लसूण घालून की डाळ घालून?"

मी सांगेपर्यंत दिवे आले. पुढं कळलं की हा प्रश्न ते दर वेळी विचारत, आणि उत्तर खरोखर ऐकत. दुसऱ्या दिवशी विचारायचे, "मग, कशी झाली होती?"

खाण्याबद्दल त्यांचं असं काहीतरी होतं. स्वतः उभ्या उभ्या जेवायचे, दोन पोळ्या आणि जे असेल ते. पण पेशंटला पहिला प्रश्न 'काय होतंय' असा नसायचा. "शेवटचं पोटभर कधी जेवलात?" हा असायचा. दुसरा प्रश्न, "बरं झाल्यावर काय खायचंय?" ते उत्तर ते केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. कुणाचं पुरणपोळी, कुणाचं मिरचीचा ठेचा, एका म्हाताऱ्याचं नुसतं 'पेरू'. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी स्कूटर काढून त्या पेशंटच्या घरी जायचे आणि तो ते खातो का बघायचे. मागच्या सीटवर मी. लोक गडबडून जायचे, त्यांनाच ताट वाढायला लागायचे. "मला नको. तुम्ही खा. मी बसतो." आणि खरंच नुसते बसून बघायचे. घास तोंडात गेला, चावला, गिळला, मग दुसरा. गिळताना त्या माणसाच्या गळ्याकडे त्यांची नजर असायची. झालं की उठायचे.

लोणीकडच्या भागूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा मला तिथं चार-पाच वर्षं झाली होती. मेंढरं राखणारं कुटुंब, थोडीफार जमीन. बाई पस्तिशीच्या, पण अंगावर मांस म्हणून नव्हतं. बरोबर नवरा. डोक्याचा पटका काढून तो मांडीवर घेऊन बसला होता.

"शेवटचं पोटभर कधी जेवलात?"

नवरा म्हणाला, "आठ वर्सं झाली, डाक्टर. घास खाल्ला की छातीत अडकतो. वर पानी पितीया, उभी ऱ्हाती, उड्या मारती. कवा खाली जातंय, कवा समदं भाईर येतंय. रातच्याला आडवी झाली की नाकातनं पानी येतं, म्हून बसूनच झोपती. लोकं म्हंत्यात करनी हाय. माझी आई म्हंती दुसरी कर."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हंतो, हिला जेवाय येऊ द्या."

तपासणीत पांढरं औषध पाजून फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि मला बोलावलं. अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली एकदम टोकदार, पक्ष्याच्या चोचीसारखी. "जठराच्या तोंडाशी एक दार असतं. घास आला की ते आपोआप उघडतं. यांचं उघडायचं विसरलंय." पुण्यात त्यांना छाती उघडून ऑपरेशन सांगितलं होतं आणि त्या घाबरून परत आल्या होत्या.

"बरं झाल्यावर काय खायचंय?"

तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या. खाली बघत म्हणाल्या, "काय बी चालंल. पर पंगतीला बसायचंय. लोकांमधी."

डॉक्टरांनी कोपऱ्यात लिहिलं, 'पंगत'.

ऑपरेशनच्या आधी कितीतरी दिवस ते खोक्यावर सराव करत होते. अन्ननलिकेचं बाहेरचं स्नायूचं आवरण उभं चिरायचं आणि आतलं पातळ अस्तर तसंच ठेवायचं. त्या अस्तराला भोक पडलं तर खाल्लेलं छातीत-पोटात सांडणार आणि माणूस विषानं जाणार. त्या दिवशी मंचरहून भूल द्यायला नेहमीचे डॉक्टर आले होते. दोन तास सगळं छान चाललं. स्नायू बाजूला होत गेला तसं आतलं अस्तर वर फुगून आलं, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं पांढरं, चमकणारं. शेवटचा बोटभर भाग राहिला होता. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. मी पापणी मिटली आणि नळी जराशी हलली. अगदी जराशी.

"कॅमेरा!"

पुन्हा जागेवर आलो. काम संपलं. मग नेहमीप्रमाणे तोंडातून नळीनं निळं औषध सोडून बघितलं. त्या पांढऱ्या अस्तरावर एक निळा ठिपका उमटला. मोहरीएवढा. बघता बघता तो ओघळला.

डॉक्टरांनी सुईदोरा मागितला. त्या लांब दांड्यांनी, पडद्यावर बघत, मोहरीएवढ्या भोकाला टाके घालायचे होते. एकेक करून त्यांनी ते घातले. मग जठराचा वरचा भाग ओढून त्या शिवणीवर पांघरूण घातल्यासारखा बसवला. परत निळं औषध सोडलं. ठिपका आला नाही.

हात धुताना मी म्हणालो, "डॉक्टर, माझ्यामुळं झालं. मी हललो."

"हत्यार कुणाच्या हातात होतं?"

"तुमच्या."

"दिसत नसेल तर थांबायचं असतं. मी थांबलो नाही." बाहेर जाऊन त्यांनी भागूबाईंच्या नवऱ्याला तसंच सांगितलं, "माझ्या हातून आत एक भोक पडलं होतं. शिवलंय. पाच-सहा दिवस पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. ताप आला तर काळजीचं आहे."

त्या पाच-सहा दिवसांत मी दुकान उघडलं नाही. डॉक्टर दवाखान्यातच राहिले. सारखे जाऊन बाईंच्या कपाळाला हात लावत. नवरा पायरीवर बसून असायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग जरा गरम लागलं तेव्हा डॉक्टर त्याच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले. सकाळी ताप उतरलेला होता. सहाव्या दिवशी फोटो काढला. पांढरं औषध सरळ खाली जठरात उतरलं. बाईंना चमच्यानं पाणी दिलं. त्यांनी गिळलं आणि वाट बघत बसल्या, नेहमीसारखं परत येईल म्हणून. आलं नाही. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गेलं बघा."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या दिराच्या मुलीचं लग्न होतं. शूटिंग माझ्याकडे आणि डॉक्टरांना खास आमंत्रण. मांडवात बायकांची पंगत बसली. भागूबाई मधोमध बसल्या होत्या, अंगावर मांस भरलेलं, हिरवं लुगडं. पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. त्या बराच वेळ नुसत्या पत्रावळीकडे बघत होत्या. शेजारची बाई म्हणाली, "खा की गं." त्यांनी घास घेतला. नवरा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. समोर लोखंडी खुर्चीवर डॉक्टर. मी कॅमेरा लावला होता. भात संपला तेव्हा भागूबाईंनी मान वर करून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अगं ए पोरी, इकडं भात आन गं! लई उशीर लावतिया!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. डॉक्टर उठून मांडवाबाहेर गेले. मी शूटिंग सोडून त्यांच्या मागं जाऊ शकलो नाही. ते बाभळीखाली स्कूटरजवळ पाठमोरे उभे होते, बराच वेळ.

मला ते दिवस कधी संपतील असं वाटलं नव्हतं. थिएटरमधल्या दिव्याचा तो उबदारपणा, गॅसच्या सिलिंडरची शिट्टी, सिस्टरांची कुरकुर, "थोरले, सरका" हा आवाज. मी शिकलेला माणूस नाही, पण त्या खोलीत माझ्यावाचून अडत होतं. त्यानंतर कधी कुठं माझ्यावाचून असं अडलं नाही.

एका दिवाळीनंतर पडद्यावर मला काहीतरी वेगळं दिसलं. पडद्यावर सगळं कितीतरी पट मोठं दिसतं. हत्याराचं टोक थरथरत होतं. मला वाटलं माझाच हात. कोपर अंगाला घट्ट लावून बघितलं. मागचं यकृत स्थिर होतं, पित्ताशय स्थिर होतं. फक्त टोक हलत होतं.

मी बोललो नाही. पुढच्या ऑपरेशनला परत बघितलं. त्याच्या पुढच्याला परत. कधी हलायचं, कधी नाही. मी काय केलं, ते सांगायला आजही लाज वाटते. मी नळी बोटभर मागं घ्यायला लागलो. लांबून बघितलं की थरथर लहान दिसते. बाकी कुणाला कळू नये, एवढंच मला सुचलं. तीन महिने हे चाललं. कुणाला इजा झाली नाही, हे त्या पेशंटांचं नशीब.

फेब्रुवारीत एका शाळामास्तरीण बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. फार सुजलेलं. पित्ताच्या मुख्य नळीच्या अगदी काठावर डॉक्टरांनी हत्यार नेलं आणि टोक थरथरलं. ती नळी तुटली तर माणूस आयुष्यातून उठतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"डॉक्टर, टोक हलतंय."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टर पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी हत्यारं सावकाश बाहेर काढली.

"उघडून करू," ते म्हणाले.

त्यांनी मोठी चीर घेतली, मनगट पेशंटच्या अंगावर टेकवून काम केलं. बाई बऱ्या झाल्या. बाहेर येऊन त्यांच्या यजमानांना सांगितलं, "दुर्बिणीनं जमलं नाही. माझा हात थरथरला, म्हणून मोठी चीर घ्यावी लागली."

त्यानंतर त्यांनी एकही ऑपरेशन केलं नाही. नाव दिलेल्या पेशंटांसाठी पुण्याहून एक तरुण सर्जन बोलावला. त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा कॅमेरावाला होता. डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते मला माझ्या नावानं हाक मारायला लागले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं. ऐकलं आणि घरी येऊन जेवलो नाही.

दोन महिन्यांत दवाखाना बंद करून ते साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी माझ्याकडे लेण्याद्रीजवळ एक साखरपुडा होता. मी तो सोडायला हवा होता. मी सोडला नाही, कारण निरोप घेताना ते मला परत नावानं हाक मारतील, याची भीती वाटली.

दीड वर्षानं मी साताऱ्याला गेलो. थरथर आता दोन्ही हातांत होती, चालणं बारीक पावलांचं झालं होतं. बोलणं हळू, पण डोकं साफ. सिस्टरांची चौकशी केली, माझ्या मुलींची केली. पावसापाण्याचं बोललो. बहिणीनं जेवण केलं होतं, आम्ही जेवलो. जे विचारायला गेलो होतो ते माझ्याच्यानं विचारवेना. निघालो तर ते म्हणाले, "स्टँडवर येतो." बहीण नको म्हणत होती. पण आले. दहा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला पाऊण तास लागला. मी त्यांचा दंड धरला होता.

पुण्याची गाडी लागलेली होती. मी खिडकीजवळ बसलो. ते खाली उभे राहिले, खिडकीच्या गजाला धरून. गज वाजत होता.

"तुला वाटतं मी रागावलो," ते म्हणाले.

मी पिशवी मांडीवर घेतली.

"तू नळी मागं घेत होतास. दिवाळीपासून. मला कळत नव्हतं का? मला सगळं लांब दिसत होतं. एक शब्द म्हटला असता तर तू पुढं आणली असतीस. मी म्हणालो नाही. माझ्याच्यानं थांबवत नव्हतं. मी तुझी वाट बघत होतो, तू थांबवशील म्हणून. रोज वाटायचं, आज सांगेल. आणि संध्याकाळी बरं वाटायचं, आज सांगितलं नाही म्हणून."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तरी त्यांनी गज लगेच सोडला नाही, दोन पावलं बरोबर आले. मग सुटला. मी मागं वळून बघितलं तेव्हा ते तिथंच उभे होते, आणि मध्ये दुसरी गाडी आली.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मला दहाव्यानंतर कळलं.

ते मला स्टँडवर सोडायला आले त्या दिवशी साताऱ्याच्या वेशीवर गाडी डिझेल भरायला थांबली होती. बरीच माणसं खाली उतरली. मीही उतरू शकलो असतो, रिक्षा करून परत जाऊ शकलो असतो. त्यांना एवढंच सांगायचं होतं की मी तुम्हाला वाचवायला गप्प बसलो नव्हतो. मला अजून काही दिवस तुमच्या शेजारी उभं राहायचं होतं. मी हातात तिकीट धरून बसून राहिलो. माणसं परत चढली आणि गाडी निघाली.